टॅलेंट शोनंतरची पहिली दोन वर्षं: आवाज सगळ्यांनी ऐकला, पण गाणी कोणाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची सोळा वर्षांची, गिटारवर स्वतःची गाणी रचते आणि गाते. टीव्हीवरच्या टॅलेंट शोमध्ये पहिल्या पाचांत आली, जिंकली नाही. कार्यक्रमाशी जोडलेल्या कंपनीने तिच्यापुढे एकच करार ठेवलाय. रेकॉर्डिंग, व्यवस्थापन आणि गाण्यांचे हक्क, सगळं त्या एकातच. उत्तराला दोन आठवड्यांची मुदत. सही करावी का, हवा आहे तोवर पहिलं गाणं बाहेर काढावं का, आणि शाळा सोडून तिने पूर्णवेळ यात उतरावं का?

मी नवीन गायक-गीतकारांचे करार आणि त्यांच्या गाण्यांचं पब्लिशिंग, म्हणजे शब्द-चालीच्या हक्कांचा व्यवहार, सांभाळते. टीव्हीवरून आलेली मुलं या कामात बरीच भेटतात. तेव्हा आधी उत्तर सांगते: करार आहे तसा सही करू नका, गाण्याची घाई नको, आणि शाळा सोडण्याचं कारण मला दिसत नाही. पण हे तीनही नकार सरसकट नाहीत. तुमची भाची स्वतः लिहिते, आणि करार तयार करणाऱ्याने ही गोष्ट तुमच्याआधी हेरलेली आहे. नुसतं गाणाऱ्याला कार्यक्रम संपल्यावर गाणं शोधत फिरावं लागतं. हिच्याकडे ते आहे, आणि शब्द-चालीच्या हक्काचं उत्पन्न लिहिणाऱ्याच्या हयातीनंतरही चालू राहतं. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत प्रसिद्धी थोडी ओसरली तरी मला चालेल, गाण्यांवरचा ताबा मात्र सुटता कामा नये.

आधी एक कागद शोधून काढा. नवा करार नव्हे, जुना: कार्यक्रमात जाण्यापूर्वी तिने आणि पालकांनी सही केलेला सहभागाचा करार. ऑडिशनच्या गडबडीत तो कोणी वाचलेला नसतो. अशा करारांत बहुतेकदा असं कलम असतं की अंतिम फेरीनंतर ठरावीक महिने कंपनीला स्पर्धकाशी करार करण्याचा पहिला हक्क राहील. तो हक्क कोणत्या तारखेला संपतो, हे आज कळायला हवं. ती तारीख जवळ असेल तर दोन आठवड्यांची मुदत तुमच्या सोयीसाठी नाही, त्यांच्या सोयीसाठी आहे. दुसरं बघायचं ते हे की कार्यक्रमात तिने स्वतःची गाणी गायली असतील, तर त्या गाण्यांबद्दल करारात काय म्हटलंय? फक्त ते प्रक्षेपण दाखवण्याची परवानगी दिली आहे, की गाण्याचे हक्कच सोपवले आहेत? पहिलं ठीक आहे. दुसरं असेल तर नव्या कराराची सगळी बोलणी तिथूनच सुरू करावी लागतील.

आता कार्यक्रमाने तिला नेमकं काय दिलं ते बघू. मतं देणारा प्रेक्षक कार्यक्रमाचा असतो. पुढचा सीझन लागला की तो पुढच्या मुलांमध्ये रमतो, आणि यात कृतघ्नपणा काही नाही. कार्यक्रमाचं सगळं गणित गळ्यावर बांधलेलं आहे. दीड-दोन मिनिटांत गाणं बसवायचं, शेवटी वरचा सूर लावायचा, परीक्षक उठून उभे राहिले पाहिजेत. लिहिणाऱ्याची परीक्षा तिथे होतच नाही. विजेत्याचं पहिलं गाणंही बहुधा दुसऱ्यांनीच लिहिलेलं असतं. फिलिप फिलिप्स हा स्वतः गिटार घेऊन गाणारा मुलगा २०१२ मध्ये अमेरिकन आयडल जिंकला. त्याचं गाजलेलं ‘होम’ ड्रू पिअर्सन आणि ग्रेग होल्डन यांनी लिहिलेलं आहे. त्याच वर्षी ब्रिटनच्या एक्स फॅक्टरमध्ये जेम्स आर्थर जिंकला, त्याचं विजेतेपदाचं गाणं शाँटेल या गायिकेने दोन वर्षं आधी गायलेलं होतं. ते तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तरी २०१४ मध्ये लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी) आणि तो वेगळे झाले. २०१६ मध्ये तो परतला तो ‘से यू वोन्ट लेट गो’ घेऊन. त्याच्या लेखकांत त्याचं नाव आहे, आणि ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. एका उदाहरणावरून नियम काढू नये हे मान्य. पण हा क्रम मी इतक्या वेळा पाहिलाय की जिंकली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका असं मी मनापासून सांगते. विजेत्याचा करार सहसा सर्वांत घट्ट असतो. पाचव्या क्रमांकाच्या मुलीला बोलणी करायला जास्त जागा मिळते.

हक्कांचा भाग सावकाश वाचा, कारण घोटाळे इथेच होतात.

एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना: शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचं एक विशिष्ट ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवसायात मास्टर म्हणतात. तुमच्या भाचीने खोलीत बसून गाणं पूर्ण केलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं, की दोन्ही तिच्या होतात. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांमध्ये रचनेवरचा हक्क मिळायला नोंदणी लागत नाही. नोंदणी पुराव्यासाठी आणि काही देशांत दावा लावण्यासाठी उपयोगी पडते, तेव्हा ती करावीच, पण हक्क आधीच तयार झालेला असतो. उद्या लेबलने खर्च करून तेच गाणं स्टुडिओत मुद्रित केलं, तर ते मास्टर करारानुसार बहुधा लेबलचं होईल. रचना मात्र तिचीच राहते, जोपर्यंत ती वेगळ्या सहीने देत नाही तोपर्यंत. रेकॉर्डिंगचा करार आणि पब्लिशिंगचा करार वेगळे असावेत असा आग्रह मी यासाठीच धरते. तुमच्यापुढच्या कागदात ते एकत्र आहेत. रचना देणारी ती वेगळी सही त्यात अशी विरघळून गेली आहे की देताना जाणवणारही नाही.

एकत्र असण्याचा तोटा आकड्यांनी दाखवते. लेबलने तिच्या नावावर एकूण १०० एकक खर्च केला समजा: ४० हातात आगाऊ, ४५ स्टुडिओ आणि संगीतकारांचे, १५ व्हिडिओचे. करारात रॉयल्टी २० टक्के. आता मास्टरमधून लेबलला ३०० एकक मिळाले. तिचा वाटा झाला ६०. पण हे ६० तिला मिळत नाहीत, १०० च्या देण्यात वळते होतात, आणि तिच्या खात्यावर अजून ४० देणं दिसतं. लेबलकडे ५०० जमतील तेव्हा तिचं खातं शून्यावर येईल, आणि पहिला पैसा त्यानंतर. आगाऊ रक्कम ही उचल आहे, बक्षीस नाही. एवढ्यावर माझा आक्षेप नाही. जोखीम लेबल घेतं, पैसे बुडाले तर बहुतेक करारांत कलाकाराकडे मागत नाही. आक्षेप पुढच्या कलमावर आहे. तीनही गोष्टी एकाच करारात असल्या की मास्टरचं देणं रचनेच्या उत्पन्नातून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. मग रेडिओवर गाणं वाजलं, दुसऱ्या गायिकेने ते गायलं, मालिकेत वापरलं गेलं, तर लेखिका म्हणून तिला मिळणारा पैसाही त्याच खड्ड्यात जातो. वेगळे करार असतील तर मास्टरचं खातं तोट्यात असतानाही लेखिकेचे पैसे पहिल्या दिवसापासून येत राहतात. नवीन मुलीचं त्या दोन वर्षांतलं घरभाडं अनेकदा याच पैशावर निघतं.

व्यवस्थापनाबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. मॅनेजरचं काम लेबलशी भांडणं हे आहे, आणि तोच लेबलचा माणूस असेल तर तो कोणाशी भांडणार? फिलिप फिलिप्सने २०१५ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या कामगार आयुक्तांकडे आयडलमागच्या १९ एंटरटेनमेंट या कंपनीविरुद्ध अर्ज केला. स्पर्धा जिंकताना केलेल्या करारांनी त्याचं व्यवस्थापन, रेकॉर्डिंग आणि पब्लिशिंग त्याच गटाकडे गेलं होतं. दोन वर्षांनी तडजोड झाली. विजेत्याला इतकं करावं लागलं हे लक्षात ठेवा. मॅनेजर बाहेरचा हवा, त्याचं कमिशन १५ ते २० टक्क्यांच्या आसपास हवं, ते कशावर मोजायचं हे स्पष्ट हवं (एकूण रकमेवर की खर्च वजा जाता, यात फार फरक पडतो), आणि करार संपल्यावर जुन्या कामांवरचं त्याचं कमिशन वर्षागणिक कमी होत थांबलं पाहिजे. आणि मामा म्हणून तुम्ही स्वतः मॅनेजर व्हायचा विचार करत असाल तर तो सोडा. तिचं पहिलं मोठं भांडण मॅनेजरशी होणार आहे, आणि त्या दिवशी तिला मामा लागेल.

रेकॉर्डिंगच्या करारात बाकी काय बघायचं ते भराभर सांगते. एक अल्बम नक्की आणि पुढचे चार-पाच पर्यायी, असं लिहिलेलं असतं. पर्याय कंपनीचा असतो, तिचा नाही. म्हणजे त्यांना हवं असेल तर ती पंचविशीपर्यंत बांधलेली, नको असेल तर उद्या मोकळी. पर्याय दोनवर आणा. अल्बम पूर्ण करून दिल्यावर ठरावीक महिन्यांत त्यांनी तो प्रकाशित केलाच पाहिजे, नाहीतर मास्टर खर्चाच्या किमतीत तिला परत विकत घेता यावेत, असं कलम मागा. गाणं तयार असूनही कपाटात पडून राहणं हे या वयातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. मास्टर काही वर्षांनी तिच्याकडे परत यावेत हेही मागा. मिळेल न मिळेल, पण मागितल्यामुळे बाकी कलमं सैल होतात. मैफलींच्या आणि वस्तूंच्या उत्पन्नात लेबलला वाटा हवा असेल, तर त्या बदल्यात ते नेमकं काय करणार आहेत ते लिहून घ्या. आणि हे सगळं वाचायला संगीतव्यवसायातला वकील हवा. घराचे व्यवहार बघणारा ओळखीचा वकील कितीही हुशार असला तरी इथे चालत नाही. कंपनीने सुचवलेला तर नकोच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते, गाणं कधी काढायचं.

याला दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत. ग्रेस व्हँडरवॉल बारा वर्षांची असताना युकुलेले घेऊन स्वतःचं गाणं गात अमेरिकाज गॉट टॅलेंटमध्ये उतरली, सप्टेंबर २०१६ मध्ये जिंकली आणि डिसेंबरमध्ये तिची पाच गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, बाजारात होती. पूर्ण अल्बम नोव्हेंबर २०१७ मध्ये आला. पुढच्या वर्षी इमॅजिन ड्रॅगन्सच्या दौऱ्यात सुरुवातीला गाण्याची संधी मिळाली. उलट एला हेंडरसन २०१२ च्या एक्स फॅक्टरमध्ये सहावी आली. ऑडिशनला तिनेही स्वतःचंच गाणं गायलं होतं. तिचं पहिलं सिंगल ‘घोस्ट’ जून २०१४ मध्ये आलं, म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ ती पडद्याआड होती. लोक विसरतील ही भीती तिलाही कोणीतरी घातली असणारच. ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्या शरदातला पहिला अल्बमही. मेलनी मार्टिनेझ २०१२ मध्ये द व्हॉइसमध्ये होती, तिचं स्वतःचं असं पहिलं गाणं २०१४ मध्ये आणि अल्बम २०१५ मध्ये आला. तोपर्यंत कार्यक्रमातली मुलगी आणि अल्बममधली कलाकार यांच्यात बाहुल्या-पाळण्यांच्या अख्ख्या जगाचं अंतर पडलं होतं, आणि ते तिने मुद्दाम पाडलं होतं. गॅबी बॅरेट २०१८ ला अमेरिकन आयडलमध्ये तिसरी आली, २०१९ मध्ये सहलेखनातलं ‘आय होप’ तिने आधी स्वतःच प्रकाशित केलं, लेबल नंतर आलं, आणि २०२० मध्ये ते अमेरिकेच्या कंट्री रेडिओवर अव्वल ठरलं.

यावरून माझं मत असं: तीन महिन्यांत काढायचं असेल तर ग्रेससारखं थोडं काढावं आणि स्वतःचं काढावं. चार-पाच गाणी आज खरोखर तयार असतील, कमी वाद्यांत, कमी खर्चात, तिच्या गिटारवर उभी राहत असतील, तर छोटी ईपी जाऊ द्या. तिचे मास्टर तिच्याकडे राहतील अशा साध्या वितरण करारावर जाऊ द्या. तयार नसतील तर हवेच्या मागे लागून दुसऱ्यांची गाणी घेऊ नका. परक्या गाण्याने ओळख झाली की दुसऱ्या वेळी लोक तेच मागतात, आणि तिची वही मागे पडते. कार्यक्रमातल्या गाण्यांचे कव्हर व्हिडिओ अधूनमधून टाकायला हरकत नाही, परवानग्या बघून. तेवढ्याने ओळख टिकते.

वहीवरून आठवलं. केली क्लार्कसनने ‘बिकॉज ऑफ यू’ लिहिलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. २००२ मध्ये ती आयडल जिंकली, पहिल्या अल्बमच्या वेळी कंपनीने ते गाणं नाकारलं. दोन सहलेखकांबरोबर तिने ते पुन्हा घडवलं, २००४ च्या दुसऱ्या अल्बममध्ये आणलं, पुढच्या वर्षी ते जगभर वाजलं. नाकारलेलं गाणं मेलेलं नसतं. म्हणून आजच एक हिशेब सुरू करा: प्रत्येक गाण्याचं नाव, सुरुवात केल्याची तारीख, कोण बरोबर होतं, पट्टी, लय, आणि फोनवरची सगळ्यात पहिली मुद्रणं मूळ तारखेसह दोन ठिकाणी जपून. अर्धवट मुखडेसुद्धा. हे कंटाळवाणं काम तिच्या हातून होणार नाही, तेव्हा मामाने काही करायचंच असेल तर हे करावं.

करार झाला न झाला, तरी कोणीतरी तिला लवकरच अनुभवी लेखकांबरोबर बसवेल. या सहलेखनाच्या बैठकांबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही, पण तिच्या लेखनाचं भलंबुरं तिथेच ठरतं. रूढ पद्धत अशी: सकाळी अकराला तिघं खोलीत येतात, एक निर्माता लॅपटॉप उघडतो, दुसरा चालीत तरबेज असतो, आणि संध्याकाळपर्यंत गाणं उभं राहायला हवं असतं. सोळा वर्षांची मुलगी तिथे गप्प होते. समोरचे दोघं भराभर ओळी टाकतात, त्या चांगल्याही असतात, ती मान डोलावते. संध्याकाळी तिच्या नावावर एक तृतीयांश गाणं असतं आणि त्यात तिची एकही ओळ नसते. आर्थिकदृष्ट्या तिचं काही बिघडलेलं नाही, उलट फायदाच. पण अशी वीस गाणी झाली की तिला स्वतःचा सूर ऐकू येईनासा होतो, आणि ऐकणाऱ्यांनाही.

उपाय साधे आहेत. रिकाम्या हाताने खोलीत जायचं नाही. एक ओळ, एक मुखडा, गिटारवरचा एखादा तुकडा, काहीतरी तिचं टेबलावर ठेवून सुरुवात व्हावी. महिन्याला दोनपेक्षा जास्त बैठका नकोत, मधले दिवस तिने एकटीने लिहायला हवेत. ज्याच्याबरोबर जमलं त्याच्याकडे पुन्हा जावं. रोज नवी माणसं म्हणजे रोज नव्याने ओळख करून देणं, आणि ओळख करून देताना माणूस सगळ्यांना आवडेल असंच काहीतरी लिहितो. तिला नको असलेली ओळ नको म्हणायला तिथे कोणाचीही परवानगी लागत नाही, हे पहिल्या बैठकीआधी तिला स्पष्ट सांगा. ती बैठकीला जाताना घरचं कोणी मोठं माणूस इमारतीत असावं. खोलीत नको, इमारतीत.

वाटे त्याच दिवशी लिहायचे. स्प्लिट शीट म्हणजे एक पानाचा कागद: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पूर्ण नाव, टक्के, सह्या. अमेरिकेतल्या नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या शहरात खोलीत जितकी माणसं तितके समान वाटे ही जुनी रीत आहे, आणि मला ती आवडते, कारण कोणती ओळ कोणाची हे मोजायला बसलं की गाणं थांबतं. पण तिने घरून अख्खा मुखडा आणला असेल तर समान वाटा न्याय्य नाही, आणि हे बैठक सुरू होताना बोलायचं असतं, संपल्यावर नाही. अमेरिकेत लेखी काही नसेल तर कायदा सहलेखकांचे वाटे साधारणपणे समान धरतो. निर्मात्याने फक्त ध्वनिमुद्रण घडवलं असेल तर त्याची फी आणि मास्टरमधला टक्का वेगळा, शब्द-चालीत त्याला वाटा मिळायला त्याने शब्द-चालीत काही घातलेलं असावं. आजच्या संगीतात ही सीमा पुसट आहे हे खरं, बीटवरच चाल बेतलेली असते, त्यामुळे इथे थोडी उदारता ठेवायला हरकत नाही. उदारता फक्त ठरवून असावी.

मग नोंदणी. रचनेसाठी ती आपल्या देशातल्या लेखक-संगीतकारांच्या रॉयल्टी संस्थेची सदस्य व्हायला हवी, अल्पवयीन असल्याने पालकांच्या सहीने. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, रचनेला आयएसडब्ल्यूसी हा वेगळा. दोन्ही नीट जोडले गेले नाहीत तर स्ट्रीमिंगचे पैसे तयार होतात पण तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. एवढी क्षुल्लक गोष्ट, आणि यावर माझे दिवसच्या दिवस जातात.

मंचावर गाणं ही वेगळी तयारी आहे. टीव्हीवर तिने एका वेळी दोन मिनिटं गायलं, मागे कसलेला वाद्यवृंद, कानात स्वच्छ आवाज. छोट्या सभागृहात अर्धा तास एकटीने उभं राहायचं, तार तुटली तर बोलत राहायचं, गप्पा मारणाऱ्या प्रेक्षकाला दुसऱ्या गाण्यापर्यंत शांत करायचं, हे तिला अजून करावं लागलेलं नाही. पहिल्या वर्षात मोठे सोहळे कमी आणि शंभर-दीडशे माणसांच्या जागा जास्त घ्या. दुसऱ्यांच्या कार्यक्रमाआधी वीस मिनिटं गाणं उत्तम, कारण तिथे तिला कोणी मत द्यायला आलेलं नसतं. नवीन गाणी मुद्रणाआधी इथे गाऊन बघायची. लोक कुठे चुळबुळतात ते कळतं, आणि तिसऱ्या अंतऱ्याची गरज नव्हती हेही. आलेल्यांपैकी ज्यांना पुढचं कळवायला हवंय त्यांचे ईमेल पत्ते गोळा करा. कार्यक्रमाच्या पानावरचे लाखो अनुयायी तिचे नाहीत. हे दोनशे तिचे.

गळ्याबद्दल फक्त इतकं. वयात येताना मुलग्यांचा आवाज साधारण एक सप्तक उतरतो, मुलींचा सा ते ग एवढ्या अंतराने, पण उतरतो, आणि पोत त्यानंतरही काही वर्षं बदलत राहतो. तेराव्या वर्षी लिहिलेलं गाणं मूळ पट्टीत आज ताणून म्हणावं लागत असेल तर पट्टी खाली आणा, लाजायचं काही नाही. कार्यक्रमाने तिला प्रत्येक गाण्याच्या शेवटी वर चढायची सवय लावली असणार. ती मोडायला हवी, कारण रोज तसं गाणं गळ्याला झेपत नाही, आणि तिच्या शब्दांना त्याची गरजही नसेल. आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर घरगुती उपाय बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरतंतू तपासून घ्या.

पैशाची सोय तिच्या नावावर वेगळी ठेवा. कॅलिफोर्नियाच्या कूगन कायद्यात अल्पवयीन कलाकाराच्या एकूण कमाईचे १५ टक्के बंद विश्वस्त खात्यात टाकणं सक्तीचं आहे. तुमच्याकडे असा कायदा असो नसो, हा किमान आकडा समजा आणि जमेल तितका वाढवा. कार्यक्रमांच्या बक्षिसांचे आकडेही नीट वाचावेत. अमेरिकाज गॉट टॅलेंटचं दहा लाख डॉलरचं बक्षीस चाळीस वर्षांत विभागून मिळतं, एकरकमी हवं असेल तर त्याची आजची, बरीच कमी किंमत हातात येते.

कंपनीला उत्तर लेखी द्या, सौम्य शब्दांत: रेकॉर्डिंगच्या करारावर बोलायला आम्हाला आवडेल, पब्लिशिंग आणि व्यवस्थापन यात नको, वकिलाला वाचायला सहा आठवडे हवेत. खरंच तिच्यात रस असेल तर थांबतील. नाही थांबले तर त्यांना तिची हवा हवी होती, ती नाही.

राहिला शाळेचा प्रश्न. महिन्याला दोन बैठका, दोन-तीन छोटे कार्यक्रम आणि रोजचं लिहिणं, हे सगळं शाळा सांभाळून होतं, सुट्ट्या नीट वापरल्या तर सहज. दौरा आला, सलग सहा आठवडे बाहेर राहायची वेळ आली, तेव्हा शाळेशी बोलून त्या सत्रापुरती वेगळी व्यवस्था करा. कायमचं नाव काढू नका. सोळाव्या वर्षी पूर्णवेळ कलाकार झालेली मुलं भेटतात तेव्हा त्यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये हॉटेल, विमानतळ आणि प्रसिद्धीचा एकटेपणा एवढंच असतं, कारण लिहायला दुसरं काही घडलेलंच नसतं. तिची आत्ताची गाणी कशावर आहेत ते एकदा विचारा तिला. बहुतेक वर्गातल्याच कोणावर तरी असतील.